राखुंडीचं घर

जुना पिंजरा दुरुस्त होण्यासारखा राहिला नव्हता. दाराच्या तारा आत घुसल्या होत्या, एक कोपरा पार चेपला होता. काल दिवेलागणीला तो भिंतीवर आदळला, तिथला गिलावा निघाला होता. खाली राखाडी केसांचा पुंजका अजून पडलेला होता.

उत्तरेश्वर आबांनी पिंजरा पायानं बाजूला सारला आणि अंगणात पोतं अंथरलं. त्यावर फळ्या, बारीक जाळी, खिळे आणि हातोडी मांडली.

“ये ऋतू, बस. आज घर तूच बांधायचं. मी नुसतं सांगणार.”

त्यांची नात ऋतुजा समोर येऊन बसली. मांडीवरच्या खोक्यात राखुंडी होती. पुण्याच्या हरिओम मामानं दिलेली चिंचिला. उंदरापेक्षा मोठी, सशापेक्षा लहान, शेपटी खारीसारखी झुपकेदार. ऋतुजानं पाळलेलं हे पहिलंच जनावर. कालपासून राखुंडीनं गवताच्या काडीला तोंड लावलं नव्हतं. पाठीवर एका ठिकाणी केस उपटून नुसती कातडी दिसत होती.

“हे केस परत येतेल का, आबा?”

“येतेल की. मेंढराची लोकर येती, तसंच.”

आबांची सारी हयात मेंढरांमागं गेली होती. त्यांनी खिळा ऋतुजाच्या बोटांत नीट धरवला. “हां. आधी हळू ठोक. उभा राहिला, की मग जोरात.”

खिळा वाकला. आबांनी तो काढला, दगडावर सरळ केला, पुन्हा तिच्या हातात दिला. पुन्हा वाकला. तरी त्यांचा आवाज चढला नाही.

“मामा उद्या येणार हाय,” ऋतुजा म्हणाली. “नीट घर न्हाई दिसलं तर राखुंडीला घेऊन जाणार, असं फोनवर म्हणला. अजून एक दणका बसला तर मरंल म्हणला ती.”

“न्हाई मरत. असं घर करू की मामा बघत राहील.”

तळाला जाळी नको, पाय सोलवटतात, फळीच हवी, असं ऋतुजानं सांगितलं. आबांना पटलं. जाळीची टोकं बाहेर वाकवायची, म्हणजे जनावराला टोचत नाहीत, हे आबांनी शिकवलं.

“आन् धुवायची कधी हिला?” त्यांनी विचारलं. “लोकर कातरायच्या आधी आमी मेंढरं वढ्याला धुवायचो.”

“पाणी न्हाई चालत. केस वाळत न्हाईत, आतून कुजतेत. ती धुळीत लोळून अंघोळ करती. मामानं पूड दिलीय.”

“आन् ऊन?”

“अजिबात सोसत न्हाई. गार फरशी पाहिजे, आन् एसी.”

“मग माझ्या खोलीतला एसी मधल्या खोलीत बसवू. मला लिंबाखाली झोप येती.”

ऋतुजानं मान हलवली आणि पुढचा खिळा घेतला. ठोक्याचा आवाज झाला की खोक्यात राखुंडी भिंतीला चिकटायची. काल ऋतुजाही अशीच चिकटली होती. राखुंडीला पोटाशी धरून ती पलंगाखाली शिरली होती. तिथून नुसते पाय दिसत होते. आईचे पाय मागं सरकले, मग आई तोंडावर खाली आली. एक ताट गडगडत गेलं. मग काहीतरी कडकन मोडलं. काठी की हाड, ते तिला कळलं नव्हतं.

आई, मोहिनी, आता पत्र्याखाली चुलीपाशी भाकरी थापत होती. पदर तिनं हनुवटीपर्यंत ओढला होता. शेजारच्या मंजुळाबाई विरजण मागायला आल्या आणि तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“व्हट कशानं फुटला गं?”

“पाय घसरला, काकू.”

“दर म्हयन्याला घसरतोय का?”

तेवढ्यात ऋतुजाचा बाप, बंकट, गाय घेऊन गोठ्यातून बाहेर आला. उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये होता. सकाळीच नेकनूरच्या दवाखान्यात जाऊन घालून आणलं होतं.

“काय रे, बायकोला हाणताना तुझाबी हात मोडला व्हय?” मंजुळाबाई कडाडल्या. “बरं झालं! दुसराबी मोडायला पाहिजे हुता. बायकू न्हाई, लेकरू न्हाई, त्या मुक्या जनावरालाबी सोडीना. लाज कशी वाटत न्हाई तुला?”

बंकटनं खाली बघितलं. तो डाव्या हातानं गाईचं दावं बांधत राहिला.

“जाऊ द्या, मंजुळाबाई,” आबा म्हणाले. “घरातलं घरात मिटंल.”

“तुमच्यासारख्या देवमाणसाच्या पोटी असलं निपजावं!” मंजुळाबाई विरजण न घेताच गेल्या. कुंपणापलीकडं त्यांच्या भांड्यांचा आवाज सुरू झाला.

“बंकट, लेकरासमोर असं तोंड पाडून फिरू नको.”

“व्हय, आबा.”

घर जवळजवळ उभं राहिलं होतं. आता आतली पेटी तेवढी राहिली होती. भ्याली की राखुंडीनं लपायची जागा. पुढच्या फळीला भोक पाडायचं होतं.

“केवढं ठिवायचं तोंड?” आबांनी विचारलं.

“ती आत शिरंल एवढंच. दिसती मोठी, पण सगळे केसच हायत. अंग एवढुसं हाय.” ऋतुजानं पेन्सिल उचलली. “मुठीपेक्षा बारीक करायचं. मग कुणाला आत हात घालून वढता येणार न्हाई.”

“शाबास! डोकं हाय पोरीला.”

“मग मूठ ठिवा फळीवर, आबा. माप घेते.”

आबांचा हात पुढं आला नाही. त्यांनी कुंपणाकडं एकदा बघून घेतलं.

“माझी कशाला? बापाची घे की. बंकट, ये बे इकडं.”

चुलीपाशी भाकरीची थाप थांबली. बंकट जागचा हलला नाही.

“पप्पांची कशाला?” पेन्सिल तशीच धरून ऋतुजा म्हणाली. “पप्पा कुठं मारतेत, आबा?”