मालकीणबाई म्हणा

“पासवर्ड सांगा, म्हणजे तुमची यंत्रणा इथूनच उघडून तपासतो,” साहेब म्हणाले.

सकाळी तपासणीला बोलावणारा फोन आला तसे कवळीवाले इस्त्रीचा शर्ट चढवून या नव्या ऑफिसात हजर झाले होते. शहरभरातल्या बोळक्यांना त्यांच्या कारखान्यातले दात बसत. त्यांनी छाती फुगवली.

“पासवर्ड मला ठाऊक नाही, साहेब. सूनबाईला. शिस्त आहे आमच्याकडे!”

नवा कायदा आला होता. पेशंटांची माहिती नीट राखता असं सरकारी प्रमाणपत्र मिळवा, नाहीतर दवाखान्यांची कामं बंद. सगळ्या कारागिरांच्या चुली आता त्या प्रमाणपत्रावर होत्या. सूनबाईने कारखाना नुसता धाकात ठेवला होता आणि सासऱ्यांना तिचं कोण कौतुक! फक्त एक अट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. फोनवर पासवर्ड हवा असेल, तर तिला ‘मालकीणबाई’ म्हणायचं.

“हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल होते, बाबा,” ती म्हणाली होती. “हा शब्द मात्र चोराला सुचायचा नाही.”

त्यांनी फोन लावला. साहेबांनी स्पीकर चालू करायला लावला.

“सूनबाई, तपासणीला आलोय. पासवर्ड सांग.”

“कोण बोलतंय?”

“अगं, मी! तुझा सासरा!”

“मग म्हणा की.”

साहेब टक लावून बघत होते. उभा जन्म मालक म्हणून मिरवलेला माणूस परक्यासमोर सुनेला मालकीणबाई म्हणणार? जीभ रेटेना.

“सूनबाई, अंत बघू नकोस!”

“ठेवते,” ती म्हणाली आणि खरंच ठेवला.

साहेबांनी फाइल आपटली. “नापास. या तुम्ही.”

भर उन्हात परतताना त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं. पण पोरगी काय पक्की! सख्ख्या सासऱ्यालाही दाद दिली नाही. तिच्या अभिमानाने ऊर भरून येत होता आणि स्वतःच्या ताठ्याची लाज वाटत होती.

कारखान्यात शिरले ते थेट तिच्या टेबलापाशी. कारागीर बघत होते. समोरच्या खुर्चीत कोणी पाहुण्या बाईही होत्या. बघू देत!

“चुकलो, मालकीणबाई,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “तू शंभर नंबरी सोनं. माझ्याच ताठ्यापायी नापास झालो. प्रमाणपत्र गेलं.”

सुनेचे डोळे भरून आले.

पाहुण्या बाईंनी गळ्यातलं सरकारी ओळखपत्र सावरलं. “अहो आजोबा, गेलं कसं?” त्या बुचकळ्यात पडून म्हणाल्या. “तपासणी तर मी आत्ता सुरू करतेय.”