रिकामं उत्तर

उत्तर आलं. रिकामं.

वादळने परत विचारलं. परत रिकामं. एरर नाही, काही नाही, नुसता कोरा कंस.

वादळ हे त्याचं घरातलं नाव. दादाने ठेवलेलं. हा जिथे हात लावेल तिथे काहीतरी पडतंच, म्हणून. सकाळची वेळ, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी निवलेला चहा. त्याने क्लाउड कंपनीच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्राममधून प्रश्न विचारायच्या खिडकीला, अगदी साधा प्रश्न धाडला होता : डायलिसिस सेंटरच्या नेटवर्क-स्विचची माहिती दे. नाव काय, चालू आहे का, नवे सर्व्हर जोडायला किती पत्ते मोकळे. हा स्विच म्हणजे हातात धरायची पेटी नव्हे. तो कंपनीच्या कुठल्यातरी लांबच्या इमारतीत असतो, तोही नुसता सॉफ्टवेअरमध्ये. पण सेंटरचे सगळे सर्व्हर त्याच्यावर टांगलेले. तो गेला की नर्सच्या टेबलावरचे आकडे गेले. आकडे गेले की नवीन पेशंट घेत नाहीत, बसलेल्यांनाही उठवतात.

आणि आत्ता बसलेल्यांत दादा होता. आठवड्यातून तीनदा जायचा. तासाभरापूर्वीच वहिनी त्याला सोडून आली होती.

काल संध्याकाळी वादळने स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्राम चालवला होता. जुने, चाचणीसाठी केलेले स्विच शोधायचे, त्यांच्यावरचं सगळं उतरवायचं, मग तेही काढून टाकायचे. प्रोग्राम एका दमात संपला. ‘साफसफाई झाली’ असं दिसलं. वादळ खुशीत दोन घास जास्त जेवला.

आणि आज सेंटरचा स्विच सापडत नव्हता.

दादा-वहिनीचं छोटंसं काम हे. तीन-चार दवाखान्यांचं नेटवर्क सांभाळायचं, घरातूनच. वादळ व्हिडिओ बघून बघून शिकलेला, दोन नोकऱ्यांवरून परत आलेला. त्याला घ्यायचं म्हटल्यावर दादा म्हणाला होता, "हा चालत्या पंख्याखाली बसला तरी पंखा बंद पडेल." वहिनी म्हणाली होती, "माझ्या जबाबदारीवर घेते." विषय तिथेच संपला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "मी सेंटरचा स्विच उडवला."

वहिनी ओट्याशी होती. हात पुसले. ओरडली नाही. तिने आधी फोन लावला, स्पीकरवर.

"सिस्टर, सगळं चालू आहे ना?"

"चालू आहे की! आकडे येतायत. तुमचा माणूस तेवढा डोकं खातोय. उशी बदला म्हणे, ही दगडासारखी आहे."

वहिनीने फोन ठेवला. वादळला रडावं की हसावं कळेना.

"चालू आहे, तर मग हे रिकामं का दाखवतंय?"

"भावजी, तुम्ही विचारलंत कुठल्या जागी?"

त्याने सेटिंग उघडलं. स्विच ज्या इमारतीत असेल तिथेच विचारावं लागतं. दुसरीकडे विचारलं तर कंपनी चुकलात म्हणत नाही, मुकाट्याने रिकामं उत्तर देते. त्याच्या सेटिंगमध्ये, जे कालचा प्रोग्रामही वापरत होता, जागेच्या ओळीत सेंटरची जागा नव्हतीच. तिथे सरावाची जागा होती. दादा-वहिनीने शिकण्यापुरती उघडून ठेवलेली, जिथे काहीच नाही.

"हे मी नाही केलं."

"मीही नाही," वहिनी म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि त्याचा कालचा प्रोग्राम वाचायला घेतला. अर्ध्यावर तिचं बोट थांबलं. "ही चाळणी बंद का आहे?"

वादळने पाहिलं. फक्त चाचणीचे स्विच निवडायची ती एकच ओळ. काल दुपारी काहीतरी तपासताना त्याने ती बंद केली होती. परत चालू करायची राहिली होती. म्हणजे काल प्रोग्राम खऱ्या जागी चालला असता तर चाचणीचं, सेंटरचं, सगळ्यांचंच पुसून टाकलं असतं. सरावाच्या जागेत त्याला पुसायला काही मिळालंच नाही.

"काल प्रोग्राम चालवायच्या आधी मी पाणी प्यायला उठलो," तो हळूच म्हणाला, "तेव्हा दादा माझ्या खुर्चीत बसला होता."

त्याने दादाला फोन लावला. मागे मशीनची बारीक टिकटिक ऐकू येत होती.

"काल माझ्या लॅपटॉपला हात लावलास?"

"लावला. भांडायचं असेल तर घरी आल्यावर. आत्ता एक हात अडकलाय."

"भांडत नाहीये रे. चाळणीची ओळ बंद राहिली होती. तू जागा बदलली नसतीस तर..."



"मी काही तुझा प्रोग्राम वाचला नव्हता," दादा म्हणाला. "पहिल्यांदा चालवणाऱ्याला सरावाच्या जागी धाडायचं, न सांगता. सांगितलं की माणूस ढिला पडतो. माझा पहिला प्रोग्राम तुझ्या वहिनीने असाच धाडला होता. मी त्यात काय काय उडवलं असतं ते तिलाच विचार."

वहिनी गालात हसत होती.

"थँक यू, दादा."

"पुरे. चाळणी चालू केलीस?"

वादळने ओळ चालू केली. वहिनीने वाचली, मान हलवली. सेटिंगमध्ये त्याने सेंटरची जागा लिहिली आणि परत तोच प्रश्न धाडला. यावेळी उत्तर भरभरून आलं. नाव, जागा, मोकळे पत्ते, आणि स्थिती : चालू. त्याने ते दादाला मोठ्याने वाचून दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं.

"मग साफसफाई संध्याकाळी करतो," तो म्हणाला. "तू मशीनवरून उठून घरी आल्यावर."

"आत्ताच चालव, वादळ," दादा म्हणाला. "मी इथेच पडलोय."