खंदक

"सरकार, नाव तयार आहे. भरती आहे तोवर निघा," म्हातारा नावाडी टोबायस म्हणाला.

समोर समुद्रावर स्पेनची शंभरएक लढाऊ जहाजं दिसू लागली होती. राणी एलिझाबेथने या बेटावर गव्हर्नर म्हणून पाठवलेले लॉर्ड ॲम्ब्रोज मखमली कोटात किनाऱ्यावर उभे होते. हा दरबारी माणूस सगळ्यांत आधी पळणार, अशी बेटाची खात्री होती.

"सगळ्यांना पुरतील एवढ्या नावा आहेत?" त्यांनी विचारलं.

"निम्म्यांनाही नाही, सरकार."

"मग माझ्या नावेत लेकुरवाळ्या बायकांना बसव."

त्यांनी कोट काढला, एका कोळ्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि किल्ल्यापुढचा अर्धवट खंदक खणायला लागले. बघता बघता सारं गाव खंदकात उतरलं.

दुपारी वारा वाढला आणि जहाजं बेटाकडे न वळता पुढे निघून गेली. लोक आनंदाने ओरडू लागले. लॉर्ड मात्र खंदकातच मटकन बसले.

"टोबायस, मला फार भीती वाटत होती रे."

टोबायसने त्यांचे सोललेले हात आपल्या हातांत घेतले. एवढ्या मोठ्या माणसाला त्याने जन्मात कधी हात लावला नव्हता.