सुटीच्या दिवशी पाहिलेला रस्ता

ट्रकचा आरसा कानाला चाटून गेला आणि धुडकूनं तिसरा रस्ताही सोडून दिला. रेल्वेखालून जाणाऱ्या बोगद्याच्या, गरनाळ्याच्या, भिंतीला सायकल टेकवून तो मटकन खाली बसला. ट्रकवाल्याला शिवी घालण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

त्याच्या गायत्रीला रक्त तपासायचा कोर्स करायचा होता. वर्ग उधन्यात, घर नवागामला. बसचा भरवसा नाही, रिक्षा परवडत नाही, राहिली सायकल. "धड रस्ता सापडला तर जा," असं धुडकू पोरीला बोलून बसला होता. गुरुवारी कारखान्यांची वीज बंद, म्हणून सगळ्या मागांना सुटी. आठवडाभर बारा-बारा तास मागावर उभं राहायचं आणि झोपायच्या दिवशी रस्ते धुंडाळत हिंडायचं, असे तीन गुरुवार गेले. खाडीकाठच्या वाटेवर दारूचा गुत्ता निघाला. रुळांकडेच्या वाटेवर सायकल खांद्यावर घ्यावी लागली. आणि हा मोठा रस्ता! नुसते ट्रक, टेंपो, मोटारी. सायकलवाल्याला इथं कुणी माणसात धरत नाही.

नाव नोंदवायची मुदत उद्या दुपारपर्यंतच होती.

"नको बेटा," घरी येऊन तो म्हणाला. "तू आईसंगं घरीच साड्यांचे धागे काप. जीव तरी राहील."

गायत्रीनं ताट वाढलं. वरणात मीठ नव्हतं, तरी तो मुकाट जेवला.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला तो रोजच्यासारखा उधन्याच्या कारखान्यात कामावर निघाला. डोळ्यांत झोप, हँडलला डबा. गरनाळ्याशी मागून ट्रकचा भोंगा वाजला तसा तो दचकला. भोंगा वाजतच राहिला, पण ट्रक काही पुढे येईना. धुडकूनं मान वळवली. मागे सायकली, पुढे सायकली, दोन्ही अंगांना सायकली. नवागामची अख्खी सकाळपाळी रस्ताभर पसरून निवांत चालली होती. शेजारच्या मागावरचा सखाराम तर बिडी ओढत होता. बॉबिन भरणारी वत्सला नवऱ्याच्या कॅरिअरवर बसून खुशाल पेंगत होती. ट्रकवाला बिचारा मागे रांगत होता.

धुडकूला स्वतःचीच लाज वाटली. रोज तो याच घोळक्यातून जात होता, पण खाली मान घालून, अर्धवट झोपेत. आणि हा शहाणा माणूस रस्ता पारखायला गेला कधी, तर ही सगळी माणसं घरी घोरत पडलेली असताना! पोरगी वर्गावर तासभर आधी पोचेल, संध्याकाळी पाळी सुटेपर्यंत थांबेल. थांबू दे की.

त्यानं सायकल उलटी वळवली.

"अरे धुडकू, खाडा पडंल!" सखाराम ओरडला.

"पडू दे!"

नवरा या वेळी परत आलेला बघून उषाबाई धावत दाराशी आली.

"काय झालं? लागलं का कुठं?"

"गायत्रीले तयार कर. रस्ता भेटला."

"कोन्ता?"

"मोठाच."

"काल तर म्हने, तिथं जीव जाईल!"

"काल मी एकटा होतो," धुडकू म्हणाला.