लॅम्बर्नांचं आडनाव

निपुत्रिक मामाची केंटमधली मोठी जमीन जाइल्स लॅम्बर्नला मिळाली, पण मामाचं आडनाव लावायच्या अटीवर. तो जाइल्स थॉर्नहिल झाला. त्याच्याच घरी राहणारी त्याची धाकटी बहीण हेस्टर चोरून कादंबऱ्या लिहायची. लंडनभर त्या वाचल्या जायच्या, पण त्यांवर लेखिकेचं नाव नसायचं.

एका सकाळी प्रकाशकाचं पत्र जाइल्सने चुकून फोडलं. हेस्टर बागेतून आत आली, तर ते चहाच्या टेबलावर उघडं पडलेलं.

"किती वर्षं चाललंय हे?" जाइल्सने विचारलं.

"सहा. दादा, बड्या लोकांत तुझी ऊठबस असते. बहीण पुस्तकं विकते म्हणून तुझी मान खाली जायला नको, म्हणून लपवलं. तू म्हणशील तर आजपासून लिहिणं बंद."

"वेडी आहेस का? पुढच्या पुस्तकावर तुझं नाव छापू का, असं विचारतोय तो. काय कळवणार आहेस?"

"नको म्हणून. आपलं आडनाव असं चारचौघांत..."

"आपलं कुठलं? तुझं. मी तर ते जमिनीसाठी टाकलं." जाइल्सचा आवाज एकदम उतरला. त्याने दौत तिच्यापुढे सरकवली. "बाबांना मुलगा मी एकटाच. वाटायचं, लॅम्बर्न हे नाव आता त्यांच्या थडग्यावरच उरलं. हो म्हणून लिही, हेस्टर. आणि म्हणावं, चांगलं ठळक छापा."