तिरका तुकडा

कागद बाकावर पसरून तरुण म्हणाला, "काका, अगदी अशीच हवी. केसाचाही फरक नको."

गिटारवाल्याने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. चित्र बेताचंच होतं, पण नक्षी नीट उतरवलेली होती. मधल्या भोकाभोवती दोन काळी कडी आणि त्यांच्यामध्ये शिंपल्याचे चौकोनी तुकडे. एक तुकडा मात्र तिरका.

"हा असा का?"

"मूळ गिटारीत तसाच होता. बसवणाऱ्याचा हात हलला असेल. तुम्ही सरळ बसवा."

"राहू दे तिरकाच," असं म्हणून गिटारवाला पाणी प्यायला आत गेला, आणि पाणी न पिताच बराच वेळ तिथे उभा राहिला.

तो तुकडा बसवणारी तेव्हा नऊ वर्षांची होती. स्टुलावर चढून, जीभ दातांत धरून तिने तो चिकटवला होता, आणि बापाने तो उचकटून सरळ करायचं धाडस केलं नव्हतं. पुढे विसाव्या वर्षी तीच गिटार पाठीला लावून ती दुसऱ्या शहरात वाजवायला निघून गेली. जाताना बापाने जे बोलू नये ते सगळं बोलून घेतलं. त्याला पंधरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिची एक ओळही त्याच्या वाचण्यात आली नव्हती.

तो बाहेर आल्यावर तरुणाने हकीकत सांगितली. घर बदलताना टेम्पोत कपाट कोसळलं आणि बायकोच्या गिटारीचा चुरा झाला. तुकडे तिने चादरीत बांधून ठेवलेत, कुणाला हात लावू देत नाही. तिकडे शहरभर विचारलं तेव्हा वाद्यांच्या एका दुकानदाराने या कारखान्याचा पत्ता दिला. बायकोला यातलं काही माहीत नाही, तिला चकित करायचंय.

"माहीत नाही म्हणे," रात्रीच्या जेवणाला गिटारवाला बहिणीला म्हणाला. "तिनेच पाठवलाय त्याला. स्वतः यायला नाक आडवं येतंय."

बहीण त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची आणि त्याला धाकात ठेवायची. ती म्हणाली, "आरशात बघ जरा, म्हणजे ते नाक कुणाचं ते कळेल. सरळ सांग ना जावयाला, मी तुझा सासरा म्हणून."

पण तो कसला सांगतोय. आधी तोंड उघडेल तो हरला, हा बापलेकीचा जुना खेळ होता. जावई पाठवला म्हणजे अर्धी तर ती हरलीच. उरलेली अर्धी हरायला येईल आपल्या पायांनी, असा त्याचा हिशेब.

तरुण दर गुरुवारी यायचा. दर गुरुवारी गिटारवाला दाढी करायचा, आणि बाकासमोर एक जादा खुर्ची पुसून ठेवायचा. बहीण ती खुर्ची बघून नुसती खोकायची.

कडेची पट्टी कुठल्या लाकडाची, हे तरुणाला धड आठवेना. काळी होती म्हणाला, मग तपकिरी म्हणाला. गिटारवाल्याने तोवर तपकिरी पट्टी वाफेवर वाकवूनही ठेवली होती. मानेवरचे ठिपके पाच की सहा यावरही तसंच झालं. तरुण थक्क होऊन म्हणायचा, काका, तुम्ही मनातलं ओळखता. गिटारवाला फक्त विचारायचा, घरी सगळे बरे आहेत ना. त्या एका प्रश्नावर त्याला पुष्कळ काही मिळालं. ती आता मुलांना गिटार शिकवते. सहा वर्षांची नात आहे, तोंडाला कुलूप नाही. लेक चहा अजून बिनसाखरेचाच घेते.

मग पॉलिशचा प्रश्न आला. फवारा मारला असता तर चार दिवसांत आरशासारखी चमकली असती, आणि तरुणाला घाई होती. गिटारवाला म्हणाला, फवाऱ्याने आवाज गुदमरतो. लाखेचं पॉलिश करू, कापसाच्या बोळ्याने, हाताने, थरावर थर. महिना लागेल. महिना लागतो हे खरंच, पण त्याने दीड लावला. तेवढे सहा गुरुवार पदरात पडले.

सहाही गुरुवार खुर्ची रिकामी राहिली.

शेवटच्या गुरुवारी तारा चढल्या. तरुणाने गिटार हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. मग खिशातून चिठ्ठी काढून म्हणाला, मानेच्या टोकाची पट्टी मोकळी आहे, तिथे शिंपल्यात एवढी अक्षरं बसवून द्या.

चिठ्ठीवर होतं: 'बाबांच्या स्मरणार्थ'.

"कुणाचे बाबा?"

"तिचे. पहिली गिटार त्यांनीच केलेली. वारले ते, फार वर्षं झाली."

गिटारवाल्याने चिठ्ठी बाकावर ठेवली, पुन्हा उचलली. "तिला कुणी सांगितलं?"

तरुण खालच्या आवाजात सांगू लागला. भांडून घर सोडल्यावर वर्षभराने तिने वडिलांना मोठं पत्र लिहिलं होतं. चुकले, परत येऊ का, असं विचारलं होतं. ते पत्र न फोडताच परत आलं. पाकिटावर पोस्टमनचा शेरा होता, घेणारे मयत. ते पाकीट अजून तिच्या उशाशी असतं.

"ती म्हणते, महिनाभर आधी लिहिलं असतं तर त्यांनी वाचलं असतं."

गिटारवाल्याला तो पोस्टमन आठवला. नवीनच लागलेला पोरगा होता, जिवंत माणसासमोर असं लिहायला त्याचा हात धजेना. "मी सांगतोय ना, मेला म्हणून लिही," असं दोनदा दरडावल्यावर कुठे त्याने पेन उघडलं होतं.