दुसऱ्या पानावरची ओळ

तुटक रेघ बरोबर शेवटच्या नावाच्या वरून गेली होती.

धाकटीने पडद्यावर बोट ठेवलं. रेघेच्या वर सगळं ऑफिस होतं, पहिल्या ओळीतल्या साहेबांपासून शिपाईदादांपर्यंत. रेघेखाली ती एकटी. ऑफिसात सगळ्यांत नवीन म्हणून तिचं नाव धाकटी पडलं होतं, आणि यादीतही ती तळालाच होती.

"छापल्यावरही असंच येणार?" तिने विचारलं.

"रेघ म्हणजे पानाची कड," शेजारच्या ताई म्हणाल्या. "खालचं सगळं दुसऱ्या पानावर."

एरवी दुसरं पान म्हणजे काही आकाश कोसळणं नव्हे. पण ही शाखा बंद होऊन हेड ऑफिसात मिसळणार होती. तिकडे ज्यांना घ्यायचं त्यांची यादी मागवली होती, आणि हेड ऑफिसच्या थोरल्या साहेबांना पान उलटायची सवय नव्हती. मागे खुर्च्यांची मागणी दीड पान झाली, तेव्हा पहिल्या पानावरच्या तेवढ्या खुर्च्या आल्या. हिशेबनीस अजून स्टुलावरच बसत होते.

"अक्षर बारीक केलं तर?"

"बारीक अक्षर ते न वाचताच परत पाठवतात."

"समास?"

"आणखी कमी केले तर प्रिंटर नावांची शेपटं खाईल."

हे सगळं धाकटीलाही आता कळत होतं, आणि तेही ताईंच्याच कृपेने. नवीन असताना तिने एक तक्ता छापायला दिला, तर प्रिंटर पानं ओकत सुटला. प्रत्येक पानावर एकच रकाना! अख्खं ऑफिस पोट धरून हसलं होतं. ताईंनी मात्र ती पानं गोळा केली, "चला, कच्च्या कामाला कागद झाले," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तिला शेजारी बसवू लागल्या. पान आडवं कधी करायचं, शीर्षक प्रत्येक पानावर कसं आणायचं, तक्ता पानाच्या मधोमध कसा बसवायचा, सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. धाकटीची आई तर ताईंना न भेटताच रोज दुवा द्यायची. घर या एकाच नोकरीवर चालत होतं.

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. पडदा पाहताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? मी पहिल्या ओळीत?"

"पहिलंच नाव आहे, साहेब," ताई म्हणाल्या.

"पण ओळीतच ना! माझ्याखाली लगेच तुम्ही, मग स्टोअरवाले, मग शिपाई. सगळे एका पंगतीत बसल्यासारखे. मला वर घ्या. मोठ्या, ठळक अक्षरात. पदव्या गाळू नका."

"बरं. आणि साहेब, धाकटी पानाबाहेर जातेय."

"जाऊ दे. कुणीतरी जाणारच. तरुण आहे, मिळेल कुठेतरी." साहेब केबिनमध्ये गेलेसुद्धा.

धाकटीने ताईंकडे पाहिलं. ताई मात्र पडद्याकडे बघत होत्या. "एक ओळ निघाली, की तू वर सरकशील," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांची नजर त्यांच्या स्वतःच्या नावावर होती, निदान धाकटीला तरी तसं वाटलं.

"ताई, भलतंसलतं काही करायचं नाही हं!"

"तू आधी डबा खाऊन घे बघू."

डबा कसला खातेय! दोन घास कसेबसे गिळून ती परत आली, तर छापलेलं पान टेबलावर होतं. एकच पान. शेवटच्या ओळीत तिचं नाव, सरळ आणि स्वच्छ. ती खालून वर वाचत गेली. शिपाईदादा होते. स्टोअरवाले होते. ताईही होत्या! आणि अगदी वर, पानाच्या माथ्यावर, शीर्षकाच्या ओळीत साहेब होते, ठळक आणि पदव्यांसकट.

"कसं काय बसवलंत?"

"साहेब म्हणाले तसं केलं. जागा आपोआप झाली."

साहेबांनी माथा तेवढा वाचला. "आता कसं! शोभतंय," म्हणत त्यांनी झोकात सही ठोकली. पान रवाना झालं.

पुढच्या आठवड्यात निरोप आला, की यादी जशीच्या तशी मंजूर आहे. स्टोअरवाल्यांनी शिट्टी मारली. धाकटीने ताईंचे दोन्ही हात धरले.

"तुमचे उपकार मी कसे फेडू, ताई?"

"माझे कसले? आभार मानायचे तर साहेबांचे मान. जागा त्यांनीच करून दिली."

धाकटी भाबडी. ती खरोखरच केबिनमध्ये गेली आणि मनापासून म्हणाली, "साहेब, तुमच्यामुळे माझी नोकरी राहिली. आईनेही नमस्कार सांगितलाय."

साहेब खुर्चीत रेलले. "अगं, माझ्या माणसांसाठी मी कायम उभा असतो."

फोन वाजला. हेड ऑफिसचा होता. असा फोन आला की साहेब स्पीकर लावत, चार लोकांना ऐकू गेलेलं बरं म्हणून. त्यांनी दारही उघडं ठेवायला लावलं. बाहेर ताईंची बोटं कीबोर्डवर थांबली.

"नमस्कार साहेब," पलीकडचा आवाज गहिवरलेला होता. "तुमची यादी थोरल्या साहेबांनी सगळ्यांना दाखवली. बाकीच्या शाखाप्रमुखांनी पहिलं नाव स्वतःचंच घातलं होतं. आपल्या माणसांना जागा व्हावी म्हणून स्वतःला यादीतून काढणारे तुम्ही एकटे! तुमच्या निरोप समारंभाला थोरले साहेब जातीने येणार आहेत."